बाटलीवरची तारीख

मोमीन सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत उभी होते. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा चालू व्हायची होती आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसाठी मी टेबलं मोजत होते. फोन त्यांच्या मुलीचा, सबाचा. "शैलामावशी, अब्बा गेले," ती म्हणाली. "सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच..." मी "बरं" म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा एकदा "बरं" म्हणाले. फोन ठेवून टेबलं पहिल्यापासून मोजली, एकवीस भरली, आणि आकडा बरोबर आल्याचं मला समाधान वाटल्याचंही आठवतं. मग मी सगळी परीक्षा घेतली. एका मुलीची ब्युरेट गळत होती, ती बदलून दिली. परीक्षकांना जेवण वाढलं. दुपारी गंगापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटवर पोचले तेव्हा पुरुष मंडळी त्यांना घेऊन निघतच होती. आम्ही बायका आतल्या खोलीत बसून राहिलो. कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. तो मी प्यायले नाही, खाली ठेवला नाही, नुसता धरून बसले.

परवा त्यांचा चाळिसावा झाला. एवढ्या दिवसांत मला रडू आलेलं नाही. सबा माझ्या गळ्यात पडून रडली तेव्हाही मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचंच राहिलंय, हे बघत होते. असं का होतंय, याचा विचार करताना मी दर वेळी एकाच रविवाराशी येऊन थांबते. त्याबद्दल मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही.

डॉ. हनीफ मोमीन आमच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे. मूळचे मालेगावचे. घरात चार यंत्रमाग, त्या खडखडाटातच जन्मलेले आणि अभ्यास केलेले, त्यामुळे एसटीच्या शेवटच्या बाकावर पेठच्या घाटातसुद्धा त्यांना शांत झोप लागायची. मराठी ते शाळेच्या पुस्तकांतून शिकले होते. म्हणून त्यांचं मराठी आम्हा नाशिककरांपेक्षा स्वच्छ आणि थोडं सावकाश होतं. राग आला की ते बोलायचेच नाहीत, आणि आनंद झाला तरी फारसे बोलायचे नाहीत, त्यामुळे विद्यार्थी गोंधळायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी रसायनशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नवीन लागले होते. एक दिवस ते आमच्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गायधनी मॅडम, मला पाण्याच्या कामासाठी कुणीतरी नीटनेटकं माणूस पाहिजे. डोंगर चढावा लागेल. चालेल का?" मी हो म्हणाले. का म्हणाले ते आता सांगता येत नाही. बहुधा मला कुणी नीटनेटकं म्हटलेलं आवडलं असावं.

काम पेठ तालुक्यातल्या बोरीचा पाडा नावाच्या वस्तीचं होतं. तीसेक घरं, खाली भाताची खाचरं, मागे डोंगर आणि डोंगरावर मोठं पठार. पावसाळ्यात तिथे चार महिने आभाळ फाटल्यासारखं कोसळतं आणि होळी झाली की वस्तीचा एकमेव झरा आटतो. मग बायका दोन डोंगर ओलांडून पाणी आणतात. सरांना शोधायचं होतं की झऱ्याचं पाणी डोंगरात नेमकं शिरतं कुठून. ती जागा कळली तर तिथे चर खणून पावसाचं जास्त पाणी आत मुरवता येईल, झरा आणखी काही आठवडे टिकेल, एवढाच हिशेब. पाड्यावरच्या शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी लोकांना ते समजावून सांगितलं होतं. पाण्यातही वजनाने किंचित जड आणि किंचित हलकं असं पाणी असतं. ढग डोंगर चढताना जड पाणी आधी गाळत येतो, म्हणून पठारावर पडणारा पाऊस पायथ्याच्या पावसापेक्षा थोडा हलका. झऱ्याचं पाणी कुठल्या उंचीवरच्या पावसाशी जुळतं ते यंत्रावर बघायचं, की त्याचं माहेर कळतं. तिथे हिराबाई नावाची पन्नाशीची बाई होती, झऱ्यावर पहिला हंडा तिचा असायचा. तिने विचारलं, "हलकं म्हंजे? डोक्याव हंडा हलका लागतो का?" सर म्हणाले, "नाही बाई, इतकं हलकं नाही. तुमच्या डोक्याला कळणार नाही, यंत्राला कळतं." हिराबाई म्हणाली, "मंग आमाला काय उपेग?" आणि सगळे हसले. सरही हसले. त्यांना असं मोकळं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

पायथ्याला, मधल्या उतारावर आणि पठारावर, अशा तीन ठिकाणी आम्ही पावसाचं पाणी साठवायला डबे ठेवले. वर नरसाळ्यासारखी चाडी, खाली डबा, आणि डब्यात पॅराफिन तेलाचा पातळ थर, म्हणजे पाण्याला ऊन लागून वाफ होऊ नये. कारण वाफ होताना हलकं पाणी आधी उडून जातं आणि मागे जड उरतं, मग सगळा खेळच बिघडतो. हे सरांनी मला किती वेळा सांगितलं असेल... दर रविवारी जाऊन डब्यातलं पाणी बाटलीत भरायचं, बाटलीवर जागा आणि तारीख लिहायची, डबा रिकामा करून नवं तेल घालायचं. पायथ्याचा आणि मधला डबा सरांकडे, पठारावरचा माझ्याकडे, कारण त्यांचे गुडघे तेव्हापासूनच दुखायचे.

श्रावणातल्या एका रविवारी मी डबा रिकामा केला आणि पिशवीत बघते तर तेलाची बाटलीच नव्हती. प्रयोगशाळेच्या टेबलावर राहिली होती. मी म्हटलं, आठ दिवसांनी येणारच आहे, पाऊस चालूच आहे, काय होतंय. पण पुढच्या रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. आईने सहा दिवस आधीपासून घर डोक्यावर घेतलं होतं. सरांना हे सांगायची मला लाज वाटली. मी गेलेच नाही. सर त्या आठवड्यात घरच्या कामासाठी मालेगावला होते, त्यामुळे त्यांनाही कळलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मी वर गेले तेव्हा मधल्या दिवसांत चांगली उघडीप पडलेली, पठारावरचा दगड तापलेला, आणि डब्यातलं पाणी हाताला कोमट लागलं. त्या एकाच डब्यातून मी दोन बाटल्या भरल्या. एकीवर त्या दिवसाची तारीख घातली, दुसरीवर आधीच्या रविवारची. अक्षर अगदी नीटनेटकं काढलं. पाहुण्यांनी नंतर नकार कळवला, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

ज्या प्रयोगशाळेत असं यंत्र होतं ती दुसऱ्या शहरात होती आणि त्यांनी मोजक्याच बाटल्या तपासून द्यायचं कबूल केलं होतं. सरांनी निवडलेल्या पठाराच्या तीन बाटल्यांत माझ्या त्या दोन होत्या. मी समोरच उभी होते. त्यांनी त्या उचलून खोक्यात ठेवल्या, वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, सुतळी बांधली... आणि मी गाठ बसावी म्हणून बोट धरलं.

पाण्याचं जड-हलकं त्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनवरून मोजतात; थंडीत ऑक्सिजनचे आकडे आले. पठाराचा पाऊस जड निघाला, झऱ्याशी त्यातल्या त्यात जुळला तो मधल्या उताराचा. सरांनी दोन दिवस विचार केला, मग नकाशावर मधल्या उताराला पेन्सिलने रेघ मारली. पाड्यावर बैठक झाली. दर वर्षी थंडी संपताना पाड्यावरची अर्धी माणसं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जातात. त्या वर्षी बरीचशी थांबली. चार महिने त्यांनी तो उतार खणला. मुरुम संपून खाली काळा दगड लागला तिथे पहारीने खणला. मी दोन-तीनदा गेले होते. लहानू नावाचा एक उंच, कमी बोलणारा माणूस आणि त्याची बायको पहाटेपासून कामाला लागलेली असायची. त्याने मला त्यांच्या चराचा काठ दाखवला होता, दोरी लावून केल्यासारखा सरळ. मी म्हणाले, "छान झालाय."

जूनमध्ये त्याच बाटल्यांच्या हायड्रोजनचे आकडे आले. ते यंत्र वेगळं होतं, म्हणून एवढा उशीर. दोन्ही आकडे एकमेकांसमोर मांडले की पावसाचं पाणी एका सरळ रेघेवर बसतं, आणि उन्हात वाफ झालेलं पाणी त्या रेघेवरून खाली घसरतं. सरांनी आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले. मी शेजारीच होते. सगळे ठिपके रेघेवर होते. फक्त पठाराचे दोन बाजूला पडले होते, जवळजवळ एकावर एक. सर म्हणाले, "हे पाणी तापलेलं आहे." दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या वाचनालयात गेले तर ते कोपऱ्यातल्या टेबलावर वर्तमानपत्रांची जुनी फाइल उघडून बसले होते. वरच्या कोपऱ्यात महिना दिसला, ऑगस्ट. मी पुस्तक न घेताच परत फिरले.

त्यांनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर कुणालाही काही कळलं नसतं. झरा पुढच्या होळीला आटला असता आणि लोकांनी पाऊस कमी झाला म्हटलं असतं. मी मनातून तीच वाट बघत होते, हे आता लिहून टाकते. पण आठ दिवसांनी सर म्हणाले, "उद्या पाड्यावर जायचंय. तुम्ही येणार का?" येणार का, असं त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

पेरणीच्या आधीचे दिवस, म्हणून सगळे गावातच होते. शाळेच्या ओट्यावर बसले. सर उभे राहिले. म्हणाले, "मागे मी तुम्हाला खणायला जी जागा दाखवली ती चुकीची होती. झऱ्याचं पाणी तिथून येत नाही. माझी चूक झाली." एक म्हातारा पलीकडच्याला काय म्हणाले म्हणून विचारत होता आणि पलीकडचा त्याला सांगत नव्हता. मग लहानू बोलला. "मी यंदा द्राक्षाला गेलो नाय. बायकोलाबी जाऊ दिलं नाय. तू सांगितलंस म्हणून." तिकडे लहानथोर सगळ्यांना अरे-तुरेच करतात, त्यात अपमान नसतो. सर म्हणाले, "हो." लहानू उठून चालू लागला. त्याच्या मागोमाग आणखी चार-पाच जण गेले. मी भिंतीला टेकून बसले होते. दोन बाटल्या, एक डबा, एवढंच बोलायचं होतं. माझं तोंड उघडलं नाही. शेवटी हिराबाई म्हणाली, "मंग आता कठं खणायचं?" सर म्हणाले, "आत्ता सांगत नाही. एकदा चुकलो आहे. या वेळी तुम्हाला डोळ्यांनी दिसेल, तेव्हा सांगीन."

परतीच्या एसटीत सर झोपले नाहीत. घाट अर्धा चढून झाल्यावर मी म्हणाले, "सर, त्या बाटल्या..."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "त्या रविवारी घाटात दरड कोसळली होती. पेठची एकही गाडी गेली नाही. तुम्ही जाऊच शकला नसता."

मला दरडीची गोष्ट तेव्हा कळली. मी म्हणाले, "मग तुम्ही तिथे तसं का सांगितलं नाहीत?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "कुठे खणायचं ते त्यांना मी सांगितलं, मॅडम. बाटलीने सांगितलं नाही. दोन बिघडल्या तर सगळंच चुकेल इतक्या कमी बाटल्यांवर विसंबून सांगितलं." मग म्हणाले, "यंदाही वरचा डबा तुमच्याकडेच आहे."

त्यांनी रागवावं, काढून टाकावं, प्राचार्यांना सांगावं, असं मला फार वाटत होतं. यातलं काहीच झालं नाही. त्या पावसाळ्यात मी एकही रविवार चुकवला नाही, दोनदा तापात गेले. पण आत काहीतरी बसलं ते बसलंच. आज जो बधिरपणा मला सबाच्या घरी जाणवला तो नवा नाही. मी त्याला त्या एसटीपासून ओळखते.

पठारावर एक ओहोळ होता, तो काही अंतर वाहून एका दगडाच्या भेगेत नाहीसा व्हायचा. ऑगस्टमध्ये सरांनी त्या भेगेत रंग सोडायचं ठरवलं. केशरी भुकटी, पाण्यात पडली की पोपटी होणारी. निरुपद्रवी असते, पण हिराबाईचा विश्वास बसेना. तिने पेलाभर पाण्यात चिमूट टाकायला लावली आणि म्हणाली, "आधी तू पी." सर प्यायले. "दोन दिस बघू," ती म्हणाली, "जगलास तर आमी पिऊ." नंतर सर मला हळूच म्हणाले, "चव अगदीच कडू आहे हो." भुकटी सोडल्यावर सहाव्या दिवशी पाड्यावरच्या शाळेच्या गुरुजींनी पेठहून कॉलेजात फोन केला. पाणी पोपटी आलं. सरांनी फोन ठेवला आणि मग म्हणाले, "कुठल्या झऱ्यात ते विचारायचं राहिलं." पलीकडच्या खोऱ्यातही एक झरा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर हिराबाई तिच्या नेहमीच्या झऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती आणि दगडाच्या चोचीतून कच्च्या कैरीच्या सालीसारख्या रंगाचं पाणी पडत होतं. पाड्यावरचे सगळे जमले होते. लहानूही आला होता, जरा लांब उभा होता. सर त्याच्याकडे गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. लहानूने मान हलवली एवढं दिसलं.

पुढच्या उन्हाळ्यात पठारावर चर खणले. माणसं आधीच्या निम्मीच आली. लहानू द्राक्षाचं काम उरकून शेवटच्या पंधरवड्यात आला आणि सगळ्यात लांब चर त्याने खणला. त्यानंतर झरा होळीला आटायचा तो अक्षय्य तृतीयेपर्यंत, एखाद्या वर्षी त्याच्याही पुढे टिकायला लागला. उन्हाळाभर टिकला असं कधीच झालं नाही. अजूनही शेवटचे काही आठवडे बायका डोंगर ओलांडतात. सरांनी या कामावर एक लेख लिहिला, त्यात चुकलेल्या वर्षाचं सगळं होतं, आलेखासकट, फक्त माझं नाव नव्हतं. संपादकांनी कळवलं की चुकीचा भाग काढलात तर छापू. सर म्हणाले, "मग राहू दे." तो राहिलाच.

सिंहस्थाच्या वर्षी ते निवृत्त झाले. नंतर त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, गेल्या, गुडघे पार गेले, फिरणं गॅलरीपुरतं उरलं. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचे. दिवाळीत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "पाड्यावर जाता का हो अलीकडे?" मी म्हणाले, जाईन. काम संपल्यानंतर इतकी वर्षं मी एकटी तिकडे गेलेच नव्हते.

चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. आता पाड्यापर्यंत जीप जाते. हिराबाई थकली आहे, एका डोळ्याने दिसत नाही. सर गेल्याचं सांगितलं. तिने लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं. मग मी ते सांगितलं. तेलाची बाटली, पाहुणे, तारीख, सगळं. लहानूचं नाव घेतलं तेव्हा तिने सांगितलं की तो दोन वर्षांपूर्वी वारला. म्हणजे ज्याला सांगायचं होतं तो ऐकायला नव्हता. सगळं ऐकून घेतल्यावर हिराबाईने विचारलं, "सरला ठावं व्हतं?"

"हो," मी म्हणाले.

"तो काय बोलला?"

"काही नाही. पुन्हा डबा माझ्याकडेच दिला."

"तवा सांगितलं असतंस तर आमी तुला लय बोललो असतो," ती म्हणाली. "मंग ते झालं असतं." मग गुडघ्यावर हात देऊन उठली. "चल. आज पुनव हाय. मोजाया येशील."

मला कळेना काय मोजायचं. ती मला झऱ्यावर घेऊन गेली. तिथून शाळेची मागची भिंत दिसते. त्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत कोळशाच्या रेघा होत्या, ओळीवर ओळी, पुसट आणि ठळक. दर पुनवेला आणि अमावास्येला हंडा झऱ्याखाली ठेवायचा आणि तो भरेपर्यंत मोठ्याने आकडे मोजायचे, दहाला एक रेघ. रेघा वाढल्या की पाणी कमी झालं असं समजायचं. सरांनी हे हिराबाईला कधी शिकवलं ते मला माहीत नव्हतं. मी सोबत नसताना ते इथे येत होते, तेही मला माहीत नव्हतं. सगळ्यात वरच्या, जुन्या दोन-तीन ओळी सरळ आणि सारख्या अंतराच्या होत्या. त्या त्यांच्या हाताच्या, हे सांगावं लागलं नाही. खालच्या सगळ्या वाकड्या, हिराबाईच्या आणि आता तिच्या सुनेच्या. एकही पुनव सुटलेली दिसत नव्हती. "भिंत भरली का गुरुजी वहीत उतरून घेतो आनि आमी चुना मारतो," हिराबाई म्हणाली. "वरल्या तेवढ्या ठेवतो."

सुनेने हंडा ठेवला. मी एकपासून मोजायला सुरुवात केली. मध्ये मी थांबले तर हिराबाई म्हणाली, "थांबू नको, चुकंल." मी मोजत राहिले. हंडा काठोकाठ भरला तेव्हा शंभराच्या वर सात झाले होते. मी भिंतीशी गेले, दहा रेघा ओढल्या आणि वरच्या सातांचं काय करायचं असं विचारलं.

"सोडून दे," हिराबाई म्हणाली. "सर म्हणायचा, दहा भरंपर्यंत लिहायचं नाय."